मॅडम येणार आहेत

सकाळचे दहा वाजलेत. मदतनीस कुकर चढवून मुलांना आणायला वाडीत गेली आहे. सेविका उंबऱ्यात उभी राहून मोबाइलला रेंज मिळते का बघतेय. तेवढ्यात शेजारच्या गावच्या सेविकेचा फोन येतो, "ताई, गाडी आमच्याकडनं आत्ताच निघाली. बहुतेक तुमच्याकडंच वळंल." पुढची वीस मिनिटं सातारा-सांगलीतल्या कुठल्याही अंगणवाडीत थोड्याफार फरकानं सारखीच जातात. कोठीतला तांदूळ वहीतल्या साठ्याशी जुळतो का ते पाहिलं जातं. हजेरीपटावर राहून गेलेल्या खुणा केल्या जातात. कपाटावरची खेळणी खाली उतरतात. मुलांना रांगेत बसवून "मॅडम आल्या की नमस्ते म्हणायचं" अशी तालीम होते. एखादं मूल रडत असतं, पण त्याला मांडीवर घ्यायला त्या वेळी कुणालाच सवड नसते.

या धावपळीला लबाडी म्हणणं अन्यायाचं होईल. ती बाई रोज वीस-पंचवीस मुलांना भरवते, गाणी म्हणून घेते, शी-शू काढते, गरोदर बायकांच्या घरी जाऊन येते. एवढं करूनही स्वतःचं काम समोरच्याला दाखवायचं कसं, हे तिला कुणी शिकवलेलं नसतं. तपासणी म्हणजे वही, आणि वही अपुरी म्हणजे काम अपुरं, एवढंच तिला अनुभवानं कळलेलं असतं. म्हणून गाडी दिसली की हात वहीकडे जातो.

तपासणीला सामोरं जाणाऱ्या या बायकांना आधार कोण देतं, तो कितपत पुरतो आणि कुठे तुटतो, हे एकदा सलग मांडायला हवं. गेली काही वर्षं दोन्ही जिल्ह्यांतल्या अंगणवाड्या पाहून माझं एक मत पक्कं झालं आहे. आधार द्यायला येणारी आणि शेरा लिहायला येणारी व्यक्ती आपण एकच ठेवली आहे, आणि त्यात आधार मागे पडला आहे.

मुळात ही व्यवस्था कुठून आली ते थोडक्यात. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या, म्हणजे आजच्या पालघरमधल्या, बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं. मुलं बालवाडीपर्यंत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथला. पुढे हे काम कोसबादला गेलं आणि अनुताई वाघांनी ते आयुष्यभर चालवलं. २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारनं देशभरातल्या ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. महाराष्ट्रात त्यासाठी मेळघाटातली धारणी आणि मुंबईतली धारावी निवडली गेली. आज राज्यात सुमारे १ लाख १० हजार अंगणवाड्या आहेत. नाव अंगणातल्या शाळेचं राहिलं, पण योजनेनं त्यावर सहा सेवा चढवल्या: पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, पोषण आणि आरोग्य शिक्षण, आणि शाळापूर्व शिक्षण. सहाही सेवा एक सेविका आणि एक मदतनीस यांच्या अंगणवाडीतून व्हायच्या, आणि सहांचीही तपासणी व्हायची.

तपासायला येतं कोण? सगळ्यात जवळची पर्यवेक्षिका, जिला जुन्या बायका अजून मुख्यसेविका म्हणतात. तिच्या वर तालुक्याच्या प्रकल्पाचे बालविकास प्रकल्प अधिकारी, त्यांच्या वर जिल्हा परिषदेत महिला व बालकल्याण विभागाचे उपमुख्य कार्यकारी अधिकारी. याशिवाय प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर येतात, गटविकास अधिकारी येतात, कधी राज्याचं पथक येतं, कधी केंद्राचं. प्रत्येकाचं बघणं वेगळं. डॉक्टर तीव्र कुपोषित मुलांची यादी मागतात, गटविकास अधिकारी शौचालय आणि पाण्याची टाकी बघतात, पथक मोबाइलमधली आणि वहीतली संख्या ताडून पाहतं. या सगळ्यांच्या अपेक्षा एकत्र लिहिलेला एखादा साधा कागद सेविकेच्या हाती असतो का, असं विचारत मी फिरलो. बहुतेक ठिकाणी उत्तर मिळालं की मागच्या वेळी जे विचारलं, त्याची तयारी या वेळी करून ठेवायची.

वह्यांचं ओझं सगळ्यांना माहीत आहे. एक तपापूर्वी नवी नोंदपद्धत आली तेव्हा ११ नोंदवह्या ठरल्या. त्यांत कुटुंब सर्वेक्षणापासून आहाराचा साठा, आहारवाटप, शाळापूर्व शिक्षण, गरोदरपण आणि प्रसूती, लसीकरण, जीवनसत्त्व अ, गृहभेटी, संदर्भ सेवा, मासिक गोषवारा आणि वजनाची नोंद असं सगळं आलं. मग मोबाइल आला. मार्च २०१८ मध्ये पोषण अभियान सुरू झालं आणि मार्च २०२१ मध्ये पोषण ट्रॅकर हे अॅप. मोबाइल आल्यावर वह्या जातील असं वाटलं होतं. पुष्कळ ठिकाणी दोन्ही राहिलं, कारण रेंज नसली की वही लागते आणि मॅडमना दोन्ही बघायचं असतं. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातल्या सेविकांनी सरकारनं दिलेले मोबाइल परत केले. फोन निकृष्ट आणि अॅप इंग्रजीत, ही तक्रार होती. अॅपमध्ये पुढे मराठी आली. जुलै २०२५ पासून घरपोच आहार देताना लाभार्थीचा चेहरा फोनवर पडताळणं सक्तीचं झालं. जावळीच्या किंवा पाटणच्या डोंगरात राहणाऱ्या बाईला त्यासाठी बाळ कडेवर घेऊन रेंजच्या टेकाडावर यावं लागतं. तपासणीच्या दिवशी मात्र पडद्यावर टक्केवारी दिसते, टेकाड दिसत नाही.

मोबाइलच्या बाबतीत सेविकेला खरी मदत कोण करतं? घरातला कॉलेजला जाणारा मुलगा किंवा सून, नाहीतर बीटमधली, म्हणजे एकाच पर्यवेक्षिकेखालच्या अंगणवाड्यांतली, फोन चांगला येणारी एखादी तरुण सेविका. संध्याकाळी तिच्या घरी चार-पाच जणी फोन घेऊन बसलेल्या मी पाहिल्या आहेत. या मदतीची कुठे नोंद नाही, तिला मानधन नाही. पण ती काढून घेतली तर महिन्याच्या अखेरीस निम्म्या अंगणवाड्यांची माहिती वर पोहोचणार नाही.

आता वजन-उंचीकडे येतो, कारण तपासणीचा गाभा तिथे आहे आणि आधाराची सगळ्यात जास्त गरजही तिथेच आहे. दोन वर्षांखालच्या बाळाची लांबी आडवं झोपवून घ्यायची. त्यासाठी लाकडी किंवा प्लास्टिकची पट्टी असते, एका टोकाला स्थिर फळी, दुसऱ्या टोकाला सरकती. एकीनं बाळाचं डोकं स्थिर फळीला टेकवून धरायचं, नजर सरळ वर. दुसरीनं गुडघे हलके दाबून पाय सरळ करायचे आणि सरकती फळी दोन्ही तळव्यांना लावायची. बाळ रडतं, पाय आखडतं, डोकं वळवतं. काम दोघींचं आहे, आणि दुसरी बाई म्हणजे मदतनीस त्या वेळी चुलीपाशी असते. मग सेविका एकटीच एका हातानं डोकं आणि दुसऱ्या हातानं फळी धरते, आणि सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर इकडेतिकडे होतं. बाळ दोन वर्षांखालचं असून उभं करून मोजलं तर जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीप्रमाणे त्यात ०.७ सेंटीमीटर मिळवावे लागतात. हे माहीत नसलेल्या सेविका मला भेटल्या, आणि माहीत नसलेले तपासणारेही.

एवढ्याशा चुकीचं काय, असं वाटेल. पण वजन लांबीच्या तुलनेत बघून मूल तीव्र कुपोषित, मध्यम कुपोषित की साधारण ते ठरतं. लांबी सेंटीमीटरभर कमी लागली तर तीव्र कुपोषित मूल कागदावर मध्यम होतं, आणि ग्राम बाल विकास केंद्रात त्याला मिळायचा जादा आहार आणि औषधं त्याच्यापर्यंत पोहोचत नाहीत. दंडाचा घेर मोजायची रंगीत पट्टी सोपी असते. ११.५ सेंटीमीटरच्या आत आला की लाल. पण पट्टी कुठे बांधायची, म्हणजे खांदा आणि कोपर यांच्या बरोब्बर मध्ये, आणि किती आवळायची, हे हातानं करून दाखवावं लागतं. बीटच्या बैठकीत फळ्यावर सांगून ते येत नाही.

याच ठिकाणी आधार आणि तपासणी यांची गाठ बसते. पर्यवेक्षिका अंगणवाडीत आली, एक बाळ स्वतः धरलं, सेविकेला मोजायला सांगितलं, चुकलं ते सुधारून पुन्हा मोजायला लावलं, तर तो अर्धा तास वर्षभर पुरतो. अशा पर्यवेक्षिका दोन्ही जिल्ह्यांत आहेत, आणि त्यांच्या बीटमधल्या नोंदी वाचल्या तरी फरक कळतो. पण तीच पर्यवेक्षिका त्याच भेटीत भेटवहीत शेरा लिहिते आणि महिन्याअखेरीस तिलाच आपल्या बीटचा अहवाल वर द्यायचा असतो. अहवालात तीव्र कुपोषित मुलांची संख्या वाढली की पहिला प्रश्न तिला येतो आणि ती तो खाली सेविकेकडे सरकवते, "तुमच्याच अंगणवाडीत कशी वाढली?" नीट मोजून मूल शोधणाऱ्या सेविकेला खुलासा लिहावा लागतो आणि ढोबळ मोजणारीला शाबासकी मिळते, असं व्हायला लागलं की नीट मोजणं बंद होतं. शाबासकी आणि खुलाशाची ही अदलाबदल सगळ्या तपासणी व्यवस्थेतला सगळ्यात मोठा दोष आहे असं मला वाटतं, आणि तो कुणा एका मॅडमचा नाही.

ऊसतोडीच्या हंगामात हा दोष उघडा पडतो. दिवाळी आटोपली की बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी या भागांतून कोयते यायला लागतात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. कराडला सह्याद्री आणि कृष्णा, वाळव्याकडे राजारामबापू आणि हुतात्मा, कुंडलला क्रांती, शिराळ्याला विश्वास, भुईंजला किसन वीर, अशा कारखान्यांच्या परिसरात पाचटाच्या खोपी उभ्या राहतात. मार्च-एप्रिलपर्यंत त्या खोपींत दोन-तीन वर्षांची मुलं मोठ्या भावंडाच्या भरवशावर असतात, कारण आई पहाटेच फडात गेलेली असते. जत तालुक्यातली माणसं तर स्वतःच ऊस तोडायला जातात, त्यामुळे सांगली जिल्हा मुलं पाठवणारा आहे आणि घेणाराही. या मुलांना ज्या गावात खोप आहे तिथल्या अंगणवाडीत घ्यायचं, असा नियम आहे. स्थलांतरितांच्या नोंदीसाठी महिला व बालविकास विभागानं २०२२ मध्ये वेगळी संगणकीय पद्धतही सुरू केली.

आता सेविकेच्या बाजूनं बघा. नोव्हेंबरात तिच्या अंगणवाडीत आठ-दहा मुलं वाढतात. प्रवासानं थकलेली, काही आजारी, काहींचं वजन घटलेलं. आहार आला आहे पटावरच्या मुलांपुरता, वाढीव मागणी मंजूर व्हायला वेळ लागतो. नोंद केली की तिच्या अंगणवाडीचा कुपोषणाचा आकडा वर चढतो. डिसेंबरात मॅडम आल्या की तो आकडा पुढे येतो, आणि ती मुलं दूरच्या जिल्ह्यातून आली आहेत हे वहीतल्या रकान्यात दिसत नाही. खोपीपर्यंत चालत जाऊन, फडातून परतणाऱ्या आईची वाट बघून, त्या मुलाचं वजन घेणाऱ्या सेविकेला तपासणीत जादा गुण मिळायला हवेत. आज तिला जादा प्रश्न मिळतात.

दोन्ही जिल्ह्यांची ठेवण इतकी वेगवेगळी आहे की एकच तक्ता सगळीकडे लावणं तसंही चुकीचं आहे. कोयनेच्या शिवसागराच्या पलीकडच्या वस्त्यांना तापोळा-बामणोलीकडून लाँचनं जावं लागतं, पावसाळ्यात तेही अवघड. तिथल्या सेविकेकडे मॅडम वर्षातून किती वेळा पोहोचत असतील याचा हिशेब करायची गरज नाही. माण, खटाव, आटपाडी, जत या पट्ट्यातली धनगर कुटुंबं मेंढ्या घेऊन बाहेर पडतात तेव्हा मुलंही जातात, आणि हजेरीपटावर चार महिने गैरहजेरीची रांग दिसते. जतच्या पूर्व भागात घरची भाषा कन्नड. तिथल्या मुलाला मराठी गाणं येत नाही म्हणून शेरा लिहिणाऱ्यानं आधी त्याच्या घरची भाषा विचारावी. तासगावकडे द्राक्षाच्या छाटणीपासून काढणीपर्यंत बायका दिवसभर बागेत असतात आणि अंगणवाडी दुपारीच सुटते.

महापूर तर वेगळाच विषय. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. पलूस, मिरज, वाळवा या तालुक्यांतल्या नदीकाठच्या गावांत घरं, शाळा, अंगणवाड्या सगळीकडे पाणी शिरलं. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच झालं. पाणी ओसरल्यावर वजनकाटे, तक्ते, खेळणी बदलून मिळू शकतात, पण दहा वर्षांच्या वजनाच्या वह्या मिळत नाहीत. पुराच्या पट्ट्यातल्या सेविकेला तपासणीआधी हवी असते ती वह्यांची उंच कोठी आणि पाण्याचा इशारा आला की काय काय हलवायचं याची यादी. ग्रामपंचायत हे सहज करू शकते, आणि काही गावांनी केलंही आहे.

सरकारनं दिलेला आधार अजिबात नाही असं म्हणणं खोटं ठरेल. प्रशिक्षण केंद्रं जुनी आहेत. पोषण अभियानात दर महिन्याला एक विषय शिकवण्याची २१ पाठांची मालिका आली. राज्याचा 'आकार' हा बालशिक्षणाचा अभ्यासक्रम आहे. मे २०२३ मध्ये केंद्रानं 'पोषण भी पढाई भी' सुरू केलं, आणि २०२४ मध्ये तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी 'नवचेतना' आणि तीन ते सहा वयासाठी 'आधारशिला' हे आराखडे दिले. मजकूर चांगला आहे. बाळाशी बोलणं, त्याला हात लावू देणं, खेळात मोजणी शिकवणं, हे सगळं त्यात आहे. अडचण पोहोचवण्याची आहे. दिल्लीत शिकलेला राज्यातल्याला शिकवतो, तो जिल्ह्यातल्याला, जिल्ह्यातला पर्यवेक्षिकेला, आणि पर्यवेक्षिका एका दुपारच्या बैठकीत पंचवीस सेविकांना. शेवटच्या पायरीवर पुस्तक वाटलं जातं आणि उरलेला वेळ अहवाल गोळा करण्यात जातो. या प्रशिक्षणाची शिखर संस्था दिल्लीत आहे आणि २०२५ मध्ये तिला सावित्रीबाई फुले यांचं नाव दिलं गेलं. सावित्रीबाई आपल्या खंडाळा तालुक्यातल्या नायगावच्या. ज्या बाईनं जोतिरावांसोबत पुण्यात १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह चालवून परक्यांची मुलं सांभाळली, तिच्या नावाच्या संस्थेचा धडा नायगावच्या शेजारच्या अंगणवाडीत हातानं करून दाखवला जावा, एवढी अपेक्षा फार नाही.

पर्यवेक्षिकेची बाजूही मांडली पाहिजे. नियमाप्रमाणे एका बीटला साधारण पंचवीस अंगणवाड्या. महिन्यात कामाचे दिवस पंचवीसच्या आसपास. त्यातून तालुक्याच्या बैठका, जिल्ह्याच्या बैठका, अहवाल आणि मोहिमा वजा केल्या की प्रत्येक अंगणवाडीला महिन्यात अर्धा दिवसही मिळत नाही. शेजारच्या बीटची जागा रिकामी असली की तो पदभारही हिच्याकडे. स्वतःची दुचाकी, रस्ता घाटाचा. मग भेट म्हणजे भेटवहीत 'अंगणवाडी सुरू आढळली, कामकाज समाधानकारक' लिहून पुढे जाणं. सेविका त्या शेऱ्यावर सुटकेचा श्वास टाकते, पण त्यातून तिला शिकायला काही मिळत नाही.

सेविकेला तपासणीची एवढी धास्ती का वाटते, त्याचं मूळ तिच्या दर्जात आहे. ती मानधनी आहे. पगार नाही, वेतनश्रेणी नाही. डिसेंबर २०२३ ते जानेवारी २०२४ या काळात राज्यातल्या अंगणवाडी कर्मचाऱ्यांनी ५२ दिवस संप केला. सेविकेचं मानधन २०२३ मध्ये १० हजार रुपये झालं होतं आणि २०२४ मध्ये पुन्हा वाढलं, सोबत कामगिरीवर आधारित प्रोत्साहन भत्ताही आला. म्हणजे मोबाइलमध्ये काय भरलं यावर आता घरात येणारे पैसेही थोडे अवलंबून आहेत. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मणिबेन भारिया खटल्यात सेविका आणि मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला आणि त्यांच्या कामाची दखल मोठ्या आदरानं घेतली. पण एका प्रतिकूल शेऱ्यानं आपलं काम जाईल ही भीती अजून गेलेली नाही. त्यात कामाच्या पलीकडची कामं येतात. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्ज भरायला सेविका बसल्या, अर्जामागे ५० रुपये ठरले, आणि पुढे त्याच योजनेच्या पडताळणीलाही त्याच गेल्या. त्या काळात वजनाची तारीख पुढे ढकलली गेली, तर दोष कुणाचा धरायचा?

आयएसओ मानांकनाबद्दलही बोलायला हवं. गेल्या दहा-बारा वर्षांत राज्यभर त्याची लाट आली, आपल्याकडेही आली. लोकवर्गणीतून भिंती बोलक्या झाल्या, बसकी टेबलं आली, परसबागेत शेवगा-पालक लागला, मुलांच्या उंचीची हात धुण्याची जागा झाली. गावानं अंगणवाडीकडे आपली म्हणून बघितलं, हा त्या लाटेचा खरा लाभ, आणि तो मी मोठा मानतो. पण मानांकनाच्या तयारीत अनेक ठिकाणी खेळण्यांना प्लास्टिकची वेष्टणं राहिली, खराब होतील म्हणून. वेष्टणातला ठोकळा मुलाच्या हाती येत नाही. तपासणारानं भिंत बघण्याआधी खेळण्यांचे कोपरे झिजलेत का ते पाहावं.

बाहेरच्या जगात या प्रश्नाकडे कसं बघतात? इंग्लंडमध्ये स्वतःच्या घरी दुसऱ्यांची मुलं सांभाळणाऱ्यांना चाइल्डमाइंडर म्हणतात. त्यांची तपासणी ऑफस्टेड ही सरकारी यंत्रणा करते. आधी फोन करून कळवलं जातं. निरीक्षक बराच वेळ मुलांचं खेळणं आणि सांभाळणारीचं बोलणं बघत बसतो, शेवटी काय चांगलं आणि काय सुधारायचं ते तोंडी सांगतो. तरीही तिथल्या तपासणीनं माणसं खचली. जानेवारी २०२३ मध्ये रुथ पेरी या मुख्याध्यापिकेनं शाळेच्या तपासणीनंतर आत्महत्या केली, आणि त्या मृत्यूला तपासणीनं हातभार लावला असा निष्कर्ष अधिकृत चौकशीत निघाला. सप्टेंबर २०२४ पासून सरकारी शाळांना एका शब्दात शेरा देणं तिथे बंद झालं. आपल्या भेटवहीतला 'समाधानकारक' किंवा 'असमाधानकारक' हा शब्द त्याच जातीचा आहे. त्याच्या जागी सेविकेनं पुढच्या महिन्यात करायच्या एक-दोन गोष्टी आणि मॅडमनी तिच्यासाठी करायच्या एक-दोन गोष्टी लिहिल्या, तर वही दोघींची होईल. काट्याची बॅटरी, धान्याच्या कोठीचं झाकण, मदतनिसाची रिकामी जागा, हे वरच्यानं करायचं काम आहे आणि ते लेखी राहिलं पाहिजे.

माझं मागणं एवढंच आहे की शिकवायची भेट आणि शेरा द्यायची भेट वेगळी व्हावी. शिकवायला दुसऱ्या बीटची पर्यवेक्षिका येऊ शकते, किंवा ज्या सेविकेचं मोजणं पक्कं आहे तिला महिन्यातून दोन दिवस शेजारच्या अंगणवाड्यांत पाठवता येतं, प्रवासभाडं आणि त्या दिवसाचं वेगळं मानधन देऊन. आज ती संध्याकाळी घरी बसून हे फुकट करतेच आहे. शिकवण्याच्या भेटीत सापडलेलं कुपोषित मूल अहवालात दोष म्हणून धरू नये, ते शोधलं म्हणून धरावं. वजनाच्या दिवशी मदतनीस मोकळी असावी, त्या दिवसाचा आहार बचत गटानं शिजवून आणावा. स्थलांतरित मुलांचा आकडा वेगळ्या ओळीत लिहावा. यातलं काहीच मोठ्या खर्चाचं नाही.

दिवसभराच्या सांभाळाचा प्रश्न मात्र यानं सुटत नाही. २०२२ मध्ये मिशन शक्तीखाली पाळणा योजना आली. अंगणवाडीलाच जोडून पाळणाघर, ६ महिने ते ६ वर्षांची २५ मुलं, महिन्यात २६ दिवस, दिवसाला साडेसात तास, आणि त्यासाठी वेगळी सेविका आणि मदतनीस. तासगावच्या द्राक्षबागेत किंवा कोरेगावच्या शेतात राबणाऱ्या आईसाठी अंगणवाडीपेक्षाही याची गरज जास्त आहे. कारखान्यांसाठी कायदे जुने आहेत. १९४८ च्या कारखाने अधिनियमानं ३० पेक्षा जास्त स्त्री कामगार असतील तिथे पाळणाघर सांगितलं होतं, आणि २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्तीनं ५० किंवा जास्त कर्मचाऱ्यांच्या आस्थापनांना ते लागू केलं. उसाच्या फडाला मात्र भिंत नाही, म्हणून तिथे कायद्याची नजर पोहोचत नाही.

आणि शेवटी सातारा, कराड, मिरज, विटा या शहरांतली घरगुती पाळणाघरं. दोन खोल्यांत आठ-दहा मुलं सांभाळणारी बाई, जिच्या भरवशावर बँकेतली कारकून, रुग्णालयातली परिचारिका आणि शाळेतली शिक्षिका कामावर जाते. नोव्हेंबर २०१६ मध्ये खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला झालेली मारहाण कॅमेऱ्यात दिसली तेव्हा राज्यभर नियमावलीची मागणी उठली आणि पालक हादरले. त्या हादऱ्यात चांगलं काम करणाऱ्या शेकडो बायकांवरही संशयाची नजर गेली. त्यांच्याकडे कुणी मॅडम येत नाहीत, म्हणून त्यांना शेऱ्याची भीती नाही. पण जिन्याला फाटक किती उंच हवं, तापाच्या औषधाची चिठ्ठी आईकडून कशी लिहून घ्यायची, संध्याकाळी मूल कुणाच्या हाती द्यायचं आणि कुणाच्या नाही, गॅसपासून पाळणा किती लांब असावा, घशात काही अडकलं तर बाळाला पालथं कसं धरायचं, हे सांगायलाही त्यांच्या दारात कुणी येत नाही. अंगणवाडीच्या सेविकेला हे शिकवायची सोय तालुक्यात झाली, तर त्याच वर्गात शेवटच्या बाकावर या बायकांनाही बसू द्यावं.